काकीचं उत्तर

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. वेंगुर्ल्याला येऊन चार दिवस झाले, परग्रहावरच्यांना काय निरोप पाठवायचा त्या मिटिंगमधलं डोक्यातून जात नाही, आणि आता त्यात हे काकीचं.

दुपारी काकी खळ्यात रातांबे फोडत होती आणि मी शेजारी त्याच निरोपावरचा रिपोर्ट घेऊन बसलेले. एक उदाहरण तपासायचं होतं म्हणून व्हॉयेजर यानावरचा मराठी निरोप मोबाईलवर लावला. 1977 ची ती सोनेरी तबकडी, 55 भाषा, त्यात आपली एक. पृथ्वीवरचे लोक शुभविचार पाठवतात, तुम्ही ह्या जन्मी धन्य व्हा. माझ्या रिपोर्टात हे वाक्य कसं लिहू नये याचं उदाहरण म्हणून आहे. ‘ह्या जन्मी’ म्हटलं की आपण धरूनच चाललो, समोरच्याला जन्म असतो, एकापेक्षा जास्त असतात, आणि धन्य होणं त्यालाही हवंसं वाटतं. परक्या मनाबद्दल काही धरून चालायचं नाही, हे मी पोरांना इतकी वर्षं घसा फोडून सांगतेय.

काकीने विळी आडवी केली, रसाने लाल झालेले हात जोडले, कोपरापर्यंत ओघळ, आणि मोबाईलकडे बघून म्हणाली, “तुमी पण सुखात ऱ्हवा रे बाबांनू.” परत विळी उभी, परत रातांबे.

तेव्हापासून बिनसलंय माझं.

आधी रडूच आलं. तीन वर्षं पृथ्वीच्या वतीने कोणी बोलायचं यावर डोकं घातलं, एका देशाला दुसऱ्याची सही नको, तिसऱ्याला निरोपच नको, आणि शेवटी खोडला कोणता भाग तर माझा. कुणी फोनसुद्धा केला नाही. अण्णा असते तर... जाऊदे.

परग्रहावरचे संकेत शोधणाऱ्यांच्या 1989 च्या जाहीरनाम्यात आहे, तिकडून काही आलं तर आंतरराष्ट्रीय सल्लामसलतीशिवाय उत्तर द्यायचं नाही. मला ते पटतं, आजही पटतं. पण काकीने कुणाला विचारलं नाही, आणि तिने हात जोडले तेव्हा ती नक्की कुणाशी बोलत होती हे मला कळलं नाही, मनं कशी चालतात हाच माझा अभ्यास असून.

मग तिला 1974 चा, अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीवरून ताऱ्यांकडे पाठवलेला निरोप दाखवला. 1679 ठिपके, 23 गुणिले 73, दोन्ही मूळ संख्या, गणित येणाऱ्याला चौकट बरोबर मांडता येते. मला सगळ्यात आवडतो तो. म्हणाली, “रांगोळी बरी आसा.” मग तबकडीवरचा अमॉय या चिनी बोलीतला लावला, जेवलात का, सवड असली तर या आमच्याकडे. अर्थ सांगितला तर तो तीनदा लावायला लावला. शेवटी तबकडीवरचीच केसरबाई केरकरांची भैरवी. त्यांचं केरी गाव इथून काय लांब, बाई आपल्याच मुलखातल्या, आणि व्हॉयेजर 1 सुटल्यावर अकरा दिवसांनी गेल्या. काकी डोळे मिटून ऐकत बसली, रातांबे तसेच.

ते उदाहरण रिपोर्टातून काढणार नाहीये, चूक ती चूकच. पण त्याखाली काकीचं वाक्य घालावंसं वाटतंय. कोणत्या मथळ्याखाली ते सुचत नाही.

तिन्हीसांजेला सोलं गोळा करताना तिने विचारलं, “माझा पोचला काय गो तेंका?”

“अजून नाय,” म्हटलं.

“लांब आसतले,” म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.