पुट्टीपासून रडारपर्यंत: आमची वाटचाल

भोसरी एमआयडीसीतलं आमचं गॅरेज डेंटिंग-पेंटिंग आणि व्हील अलाइनमेंटचं. रडार कॅलिब्रेशन, म्हणजे गाडीतल्या रडारची दिशा पुन्हा अचूक जुळवणं, हे वेगळं खातं म्हणून आम्ही काढलं नाही, ते या दोन कामांतूनच वाढलं. 2020 ला एमजी ग्लॉस्टर आली, 2021 ला महिंद्राची एक्सयूव्ही 700, 2023 ला नव्या रूपातल्या हॅरियर-सफारी आणि नवी व्हर्ना. या गाड्या बंपर ठोकून घेऊन यायला लागल्या, तेव्हा बंपर बसवून, रंगवून गाडी हातात दिली की काम संपलं, हा जुना हिशेब मोडला.

या गाड्यांत पुढच्या बंपरमागे किंवा ग्रिलमधल्या लोगोमागे हाताच्या पंजात मावेल एवढा काळा डबा असतो, तेच रडार. तो 76 ते 77 गिगाहर्ट्‌झच्या लहरी सोडतो. त्यांची लांबी चार मिलिमीटरलाही थोडी कमीच. वारंवारता सतत चढवत नेलेला संकेत समोरच्या गाडीवर आपटून परत येतो. सोडलेल्या आणि परतलेल्या लहरीतल्या फरकावरून अंतर कळतं, आणि डॉप्लरमुळे, म्हणजे समोरची वस्तू जवळ येताना किंवा लांब जाताना परतलेल्या लहरीची वारंवारता बदलते त्यामुळे, समोरच्याचा सापेक्ष वेग थेट मिळतो. अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल आणि आपोआप लागणारा ब्रेक या आकड्यांवर चालतो. समोर नक्की काय आहे, लेन कुठे आहे, हे काचेवरचा कॅमेरा सांगतो. मात्र ॲडास (ड्रायव्हरला मदत करणाऱ्या अशा यंत्रणा) म्हटलं की रडार असतंच असं नाही. होंडा एलिव्हेटमध्ये पुढे नुसता कॅमेरा आहे. असा ग्राहक रडारच्या कामासाठी आला तर आम्ही काचेचं काम बघतो, रडारचे पैसे घेत नाही.

रडार स्वतः सहसा बिघडत नाही. बिघडतो तो त्याच्या पुढचा बंपर आणि त्याला मागून धरून ठेवणारा ब्रॅकेट.

बंपरचं प्लास्टिक रडारला पारदर्शक, पण ठरावीक जाडीलाच. पॉलिप्रॉपिलीनमध्ये ही लहर आखडून अडीच मिलिमीटरच्या आसपास येते. जाडी तिच्या अर्ध्या लांबीच्या पटीत बसली की आत-बाहेरची परावर्तनं एकमेकांना मारतात आणि लहर निघून जाते. त्यावर दोन मिलिमीटर पुट्टी भरली की गणित फिसकटतं, आणि लहर जाताना-येताना दोनदा मार खाते. सिल्व्हर, ग्रे अशा मेटॅलिक रंगांतल्या ॲल्युमिनियमच्या कणांचा त्रास वेगळा. दुसऱ्यांदा रंगवलेल्या बंपरमागे रडारचा पल्ला घटतो, पण एरर कोड येईलच असं नाही. म्हणून रडारच्या समोरच्या भागात आम्ही पुट्टी, प्लास्टिक वेल्डिंग काहीच करत नाही, बंपर बदलायला सांगतो. रंगाची जाडी मोजताना एक गोष्ट नव्या पोरांना पहिल्या दिवशीच सांगावी लागते: पत्र्यावर चालणारा नेहमीचा गेज प्लास्टिकवर काही दाखवत नाही, त्याला अल्ट्रासॉनिकच लागतो.

लोगोचंही तसंच. रडारसाठीचा मूळ लोगो क्रोमसारखा चकाकतो, पण त्यात लहर जाऊ शकेल असा अतिशय पातळ थर असतो. बाजारातला स्वस्त, खऱ्या क्रोमचा लोगो लावला की रडारच्या तोंडावर पत्रा ठोकल्यासारखं होतं. मेटलची नंबरप्लेट फ्रेम, एलईडी बार, क्रॅश गार्ड हे त्याचेच भाऊबंद. क्रॅश गार्ड तसाही नियमात बसत नाही, आम्ही तो काढल्याशिवाय गाडी आत घेत नाही.

कॅलिब्रेशनची सुरुवात रडारपासून होत नाही, मागच्या चाकांपासून होते. टायरमधली हवा दाराच्या स्टिकरप्रमाणे, डिकी रिकामी, इंधन गाडीची कंपनी सांगेल तेवढं. इंजिन बंद ठेवून इग्निशन बराच वेळ चालू असतं, त्यामुळे स्थिर व्होल्टेजचा चार्जर लावतो. तो नसला तर व्होल्टेज उतरतं आणि काम मध्येच तुटतं. मग चारही चाकांचं अलाइनमेंट. रडार गाडीच्या अंगाच्या मध्यरेषेला नव्हे, मागच्या ॲक्सलच्या थ्रस्ट लाइनला जुळवावं लागतं, कारण गाडी प्रत्यक्षात त्या रेषेत धावते. एक अंशाचा फरक 100 मीटरवर पावणेदोन मीटर होतो आणि आपल्या हायवेची लेन साडेतीन मीटरची. म्हणजे अर्धी लेन गेली. अशी गाडी शेजारच्या लेनमधल्या ट्रकला बघून ब्रेक दाबते आणि आपल्या पुढच्या दुचाकीला उशिरा पकडते.

त्यानंतर ब्रॅकेट. डिजिटल लेव्हल लावून उभा कोन बघतो. पार्किंगमधल्या हलक्या धडकेत बंपर परत जागेवर येतो, ब्रॅकेट वाकलेलाच राहतो. काही रडारना फिरवायचे स्क्रू असतात. ज्यांना नाहीत ती थोडा फरक सॉफ्टवेअरने भरून काढतात. तो मर्यादेबाहेर गेला की ब्रॅकेट नवाच.

टार्गेट, म्हणजे रडार जुळवताना समोर ठेवायची खूण, म्हणून बऱ्याच गाड्यांना धातूचा तिकोनी कोपरा लागतो. त्याची ताकद लक्षात येत नाही: 10 सेंटिमीटर बाजूचा कोपरा या लहरीला साधारण 27 चौरस मीटरच्या वस्तूएवढा दिसतो. तोच सर्वांत ठळक दिसावा म्हणून समोरचे जॅक, टूल ट्रॉली, पत्र्याचं शटर हटवावं किंवा झाकावं लागतं. या एका कारणासाठी शेडची अर्धी जागा आम्ही रिकामी ठेवली. भाडं भरताना ती डोळ्यांवर येते, पण इलाज नाही.

काही मॉडेल रस्त्यावरच जुळतात. कडेचे खांब, रेलिंग स्थिर आहेत आणि स्वतःचा वेग माहीत आहे, मग कोणत्या कोनातून किती डॉप्लर यायला हवा हे रडार ताडून बघतं आणि स्वतःचा कलता कोन काढतं. त्याला सलग, एकसारखा वेग लागतो. नाशिक फाट्याच्या गर्दीत ते होत नाही, त्यासाठी पहाटे देहूरोड-कात्रज बायपास गाठतो. भर पावसात ही चाचणी घेत नाही: बंपरवरची पाण्याची फिल्म आणि चिखल लहर गिळतात.

विमा सर्वेअरचा नेहमीचा प्रश्न, ‘डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा लागला नाही, मग हे कशाला?’ दिवा मर्यादा ओलांडल्यावर लागतो, त्याआधी नाही. एस्टिमेटला आम्ही कामाआधीचं आणि नंतरचं स्कॅन, अलाइनमेंटचा प्रिंट आणि रडारने नोंदवलेला कोन जोडतो. कागद पुरे असले की मंजुरीला वाद कमी होतो.

आता शहरातली इतर बॉडीशॉप या कामासाठी गाड्या आमच्याकडे पाठवतात. मागच्या बंपरच्या कोपऱ्यांतली ब्लाइंड स्पॉट रडारंही करतो. अट एकच, बंपरच्या आत पुट्टी असेल तर आधी सांगा. गाडीला अर्धा दिवस धरा, पावसाळ्यात दीड.