पाठ टेकून पंधरा राउंड

शनिवार होता, १ ऑक्टोबर २०२२. नवरात्राची सहावी माळ. नवरात्रात कोल्हापुरातल्या पेपरच्या डेस्कवर काम करणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. पहिलं पान अंबाबाईच्या पूजेच्या फोटोनं आणि दिल्लीतल्या फाइव्ह-जीच्या उद्घाटनानं भरलेलं. माझ्याकडं क्रीडा पान. दुपार कलताना एजन्सीची बातमी उघडली: जपानचे अंतोनिओ इनोकी वारले, वय ७९.

"सिंगल कॉलम, दहा ओळी," मुख्य उपसंपादक मान वर न करता म्हणाले.

दहा ओळी म्हणजे दहा मिनिटांचं काम. पण मी पहिल्याच ओळीला अडलो. इंग्रजीत होतं 'प्रो रेसलर'. त्याला मराठीत काय लिहू? 'कुस्तीपटू' लिहिलं तर कोल्हापुरात सकाळी सहालाच फोन सुरू होतात. 'व्यावसायिक मल्ल' म्हणावं, तर आपल्याकडचे पैलवान तरी कुठं हौसेखातर लढतात? मैदानाच्या इनामावरच त्यांचा खुराक चालतो. खरी अडचण वेगळीच होती. त्या खेळात निकाल आधी ठरलेला असतो. आपल्याकडं त्याला नेमका शब्द आहे, नुरा कुस्ती. पण गेलेल्या माणसाच्या बातमीत तो घालणार कसा?

तेवढ्यात आमच्या पेठेतले वस्ताद आले. दसऱ्याला तालमीचं कुस्त्यांचं मैदान होतं, त्याचं पत्रक हातानं लिहून आणलेलं. माझ्या स्क्रीनवर इनोकीचा फोटो होता. लांबलचक हनुवटी, गळ्यात लाल मफलर.

"ह्यो अक्रमचा हात मोडणारा न्हवं?"

मी चाटच पडलो. वस्तादांनी खुर्ची ओढली. कुठला अक्रम हे त्यांनी मला सांगायची गरजही नव्हती, पण सांगितलं. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत १९१२ साली पहिली मोठी कुस्ती झाली ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. इमामबक्ष म्हणजे प्रसिद्ध गामा पैलवानाचा भाऊ. फाळणीनंतर ते घराणं पाकिस्तानात गेलं. अक्रम हा त्या इमामबक्षचा मुलगा.

१२ डिसेंबर १९७६, कराचीचं नॅशनल स्टेडियम. जपानी बाजूचं म्हणणं असं, की आम्ही दिखाऊ लढत समजून आलो आणि ऐनवेळी समोरच्यांनी खरी कुस्ती मागितली. मग झालं ते भलतंच. अक्रम दंडाला चावला, इनोकीनं त्याच्या डोळ्यात बोट घातलं. तिसऱ्या फेरीत इनोकीनं मनगट धरून त्याचा हात मागं पिळला. चाळिशी ओलांडलेला अक्रम हार मानेना. खांदा निखळला.

"मग ही नुरा म्हणायची का खरी?" मी विचारलं.

"खांदा निखळल्यावर कसली नुरा? पैलवान लिव्ह."

मला तरीही पटेना. मी फोनवर त्याच वर्षाच्या जूनची लढत लावली. २६ जून १९७६, तोक्योचं बुदोकान, समोर साक्षात मुहम्मद अली. बॉक्सर विरुद्ध मल्ल. घंटा झाली आणि इनोकी रिंगणात आडवा झाला. उताणा पडल्यापडल्या अलीच्या पायांवर लाथा घालू लागला.

वस्ताद बघत राहिले. "उठतोय कवा?"

"उठत नाही. जवळजवळ पंधराच्या पंधरा राउंड असाच."

"पाठ टेकून?" ते इतक्या जोरात म्हणाले की सिटी डेस्कवरची पोरं वळून बघायला लागली. "आरं, आमच्यात पाठ टेकली की गडी कापडं घालून घरला जातो!"

लढत बरोबरीत सुटली. तिकीट काढून आलेले लोक चिडले. पण अलीचे पाय एवढे सुजले की त्याला इस्पितळ गाठावं लागलं. आज पिंजऱ्यातल्या 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स' लढतींचे चाहते ह्याच लढतीला आपली आजी मानतात. हे ऐकून वस्ताद म्हणाले, आजी असंल, पर कुस्ती न्हवं.

एकाच माणसाला पाच मिनिटांत पैलवान ठरवून पुन्हा नाकारणारे ते पहिले नसावेत.

बाकीचं आयुष्य मी भराभर वाचून दाखवलं. १९४३ साली योकोहामात जन्म, मूळ नाव कांजी. चौदाव्या वर्षी घरच्यांबरोबर ब्राझीलला, कॉफीच्या मळ्यात मजुरी. तिथं जपानी प्रो रेसलिंगचा दादा रिकिदोझान यानं हेरला आणि जपानला परत आणला. ३० सप्टेंबर १९६० ला पहिली लढत, आणि ती हरला. (गेला १ ऑक्टोबरला. म्हणजे बासष्ट वर्षं आणि एक दिवस. ही ओळ मी बातमीत घातली, ती कापली गेली.) १९७२ मध्ये स्वतःची न्यू जपान प्रो रेसलिंग संघटना, १९८९ मध्ये थेट संसद, पुढच्या वर्षी इराकमध्ये ओलीस ठेवलेल्या जपान्यांना सोडवायला बगदाद. चाहते रांग लावून त्याच्या हातची थोबाडीत खात, अंगात जोर येतो म्हणून.

"रांग लावून?" वस्ताद म्हणाले. "आमच्या वस्तादांनी न मागता दिल्या."

मग मी लाहोर सांगितलं. जून १९७९. अक्रमचा पुतण्या झारा, कोवळा पोरगा, काकाचं उट्टं काढायला उतरलेला. पाच फेऱ्या झाल्या, निकाल नाही. शेवटी इनोकीनं स्वतः झाराचा हात धरून वर केला.

वस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत. चहा आला, तो त्यांनी बशीत ओतला.

"दुसऱ्याचा हात वर कराय बी अंगात दम लागतो," म्हणाले, आणि पत्रक माझ्या टेबलावर ठेवून गेले.

दहा ओळींची बातमी डबल कॉलम झाली. आजाराचं नाव अमायलॉइडोसिस, ते 'शरीरात प्रथिनं साचण्याचा विकार' असं लिहिलं. पहिल्या ओळीत 'पैलवान' ठेवलं. उपसंपादकांनी पेन उचललं, माझ्याकडं बघितलं, आणि पान छपाईला सोडलं.

सकाळी पावणेसातला फोन. वस्तादच. मी 'पैलवान' शब्दावर बोलायच्या तयारीनंच उचलला.

"जपानचा छापलास, आनि आमचं मैदान कुठं हाय?"

इनोकीला जागा द्यायला मी वस्तादांचंच पत्रक पानावरून काढलं होतं. ते सोमवारच्या अंकात गेलं, तेही शेवटच्या दोन जोडी कापून.