एस्टीमची नोंद ७ : बेल्ट धड होता, क्रँकची चावी गेलेली

गाडी १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली मारुती एस्टीम, १२९८ सीसी. टायमिंग बेल्ट (इंजिनचा मुख्य दांडा म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे कॅम, या दोघांना जुळवून फिरवणारा दातेरी पट्टा) २०१५ मध्ये बदललेला. तेव्हापासून गाडी जेमतेम चाळीस हजार किलोमीटर चालली, पण रबराला वर्षंही मोजावी लागतात. म्हणून पावसाळ्याआधी बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि क्रँकचं पुढचं ऑइल सील बदलायचं ठरवलं. शनिवार-रविवारचं काम होतं, त्याला तीन आठवडे लागले.

वरचं कव्हर काढलं तेव्हा बेल्ट चांगलाच दिसला. कुठे चीर नाही, दात शाबूत, तेलाचा डाग नाही. आत्तेभाऊ म्हणाला, "उगाच उघडलंस." मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग क्रँकची पुली धरणारे छोटे बोल्ट सोडले, खालचं कव्हर उतरवलं, आणि मधल्या मोठ्या बोल्टच्या वॉशरभोवती तांबूस भुकटी दिसली. तेल नाही, माती नाही, गंजासारखी बारीक पूड. दोन लोखंडी पृष्ठभाग एकमेकांवर किंचित घासत राहिले की अशी पूड निघते. म्हणजे जिथे काहीच हलायला नको, तिथे काहीतरी हलत होतं.

बेल्ट उतरवून क्रँकवरचा दातेरी गिअर (बेल्ट ज्यावर बसतो ती चकती) दोन बोटांत धरला. तो डुलला. मधला बोल्ट सोडायला गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून, भावाला ब्रेक दाबायला लावून, लांब पाइपची तयारी केली होती. पाइप लागलाच नाही, साध्या पान्याने बोल्ट आला. मागच्या वेळी ज्यांनी काम केलं त्यांनी तो नीट आवळलाच नव्हता, किंवा जुनाच बोल्ट जेमतेम कसून लावला होता. गिअर काढल्यावर चावी, म्हणजे गिअर आणि क्रँक यांच्या खाचांत बसणारी धातूची छोटी पट्टी, हातात आली : एका बाजूने खाल्लेली, निम्म्या उंचीवर पायरी पडलेली. गिअरची खाच पसरलेली. क्रँकच्या खाचेचीही एक कड दबलेली, आणि ते पाहून पोटात गोळा आला. गिअर बाजारात मिळतो, क्रँकसाठी अख्खं इंजिन उतरवावं लागतं.

इथे एक गोष्ट मला नव्याने नीट समजली. गिअरला फिरवण्याचा भार चावीने घ्यायचाच नसतो. चावी फक्त जागा दाखवते. खरी पकड मोठ्या बोल्टच्या दाबाची. तो दाब कमी झाला की इंजिनच्या प्रत्येक झटक्याला चावी एकटी तोंड देते आणि हळूहळू कापली जाते. ती पुरती तुटली तर क्रँक फिरेल आणि कॅम जागच्या जागी राहील, म्हणजे नवाकोरा बेल्ट असूनही परिणाम बेल्ट तुटल्यासारखाच.

आता मागच्या दोन नोंदींत लिहिलेली तक्रार आठवा. इंदूरजवळचा भेरूघाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ओढ कमी, तापमानाचा काटा थोडा वर, मायलेज घसरलेलं. कार्ब्युरेटर दोनदा साफ केला. फेब्रुवारीत टायमिंग लाइट (ठिणगीच्या क्षणी चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) लावली, तर खूण अगदी जागेवर. ती जागेवर असणारच होती! या इंजिनात पुली गिअरलाच बोल्टने जोडलेली आहे. फिरताना गिअर क्रँकच्या मागे पडला की पुलीवरची खूणही त्याच्याबरोबर मागे पडते. प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर कॅमवर, कॅम त्याच गिअरवर. म्हणजे व्हॉल्व्ह आणि ठिणगी दोन्ही उशिरा, आणि लाइट म्हणते सगळं ठीक. खात्री करायला पुली तात्पुरती परत बसवली, पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून त्यात सरबताची नळी सोडली आणि क्रँक हाताने फिरवला. पिस्टन वर येऊन खाली निघाला होता, तरी खूण शून्यावर, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असताना जिथे हवी तिथे, पोचायची बाकी होती.

इंदूरच्या पोलोग्राउंडच्या बाजूला खरादवाले (लेथवर धातूचं काम करणारे) चाचा आहेत. त्यांना गाडीपाशीच बोलावलं. भिंगातून खाच पाहून ते म्हणाले, "भिया, क्रँक बच जाएगी, पर चाबी बाजार की नहीं चलेगी." क्रँकच्या खाचेतली उठलेली कड त्यांनी बारीक कानशीने काढली, खाचेची रुंदी मोजली आणि पायरीची चावी बनवली : खालचा भाग झिजलेल्या खाचेइतका रुंद, वरचा नव्या गिअरच्या खाचेच्या मापाचा. पहिली चावी बोटाने बसत होती, ती त्यांनी स्वतःच नाकारली. दुसरी पितळी हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसली. मापाची अशी जिद्द मी अलीकडे फार कमी पाहिली आहे.

नवा गिअर, नवा बोल्ट, नवं सील. जिप्सीत हेच जी१३ इंजिनांचं घराणं बरीच वर्षं चाललं, म्हणून भाग अजून सापडतात, तरी दुकानातच जुन्या गिअरशेजारी नवा ठेवून दात मोजून घेतले. बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळला. अंदाजाने आवळायचा हा बोल्ट नव्हेच. मग कॅमची खूण, क्रँकची खूण, बेल्ट, आणि टेन्शनर ढिला ठेवून क्रँक घड्याळाच्या दिशेने दोन फेरे. कॅमचा एक फेरा पुरा होतो, खुणा पुन्हा जुळल्या की टेन्शनर कसायचा.

नळी परत टाकून पाहिली. पिस्टन वर, खूण शून्यावर.

गेल्या रविवारी आई-बाबांना घेऊन ओंकारेश्वरला जाऊन आलो. भेरूघाट परतीच्या वाटेवर तिसऱ्यातच चढली, बाबांनी दोनदा विचारलं की गिअर कुठला आहे. पाचशे किलोमीटर झाले की छोटे बोल्ट सोडून मधला बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासणार आहे. वॉशरवर आणि बोल्टच्या डोक्यावर रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवली आहे. ती तुटलेली दिसली तर पुढची नोंद क्रँकची असेल.