नागीण तिसऱ्यांदा उठली तेव्हा

पहिल्यांदा नागीण उठली तेव्हा आत्या भोरहून रक्तचंदनाचं खोड घेऊन आली. "विळखा पुरा होऊ देऊ नकोस गं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. कमरेला वेढा पडून दोन्ही टोकं जुळली की माणूस दगावतं, ही समजूत आमच्याकडे अजून पक्की आहे. मी तेव्हा २६ वर्षांची होते. दोन वर्षांनी नागीण पाठीवर उठली. आणि गेल्या वर्षी जूनमध्ये, शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात, उजव्या डोळ्याच्या वर, कपाळावर.

डोळा वाचला. पण त्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला जे विचारलं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. "याआधी आयुष्यात काय काय झालंय, सगळं सांगा."

मग मी पहिल्यांदाच सगळं एका दमात सांगितलं. बारावीत कांजिण्या आल्या, त्यांचा न्यूमोनिया झाला, ११ दिवस रुग्णालयात होते, त्यातले चार ऑक्सिजनवर. विशीपासून हातांना चामखिळी. जाळल्या, गोठवल्या, मलमं लावली, पुन्हा आल्या. मी पाचवीच्या वर्गाला शिकवते. फळ्यावर लिहिताना मुली विचारायच्या, "बाई, हाताला काय झालं?" मी खडू डाव्या हातात धरायला शिकले होते. प्रत्येक दुखणं वेगळ्या दवाखान्यात गेलं, प्रत्येकाचं औषध वेगळं झालं. साखर तपासली, ठीक. एचआयव्ही तपासला, नाही. तो तपासताना एका ठिकाणी माझं लग्न झालंय का हे तीनदा विचारलं गेलं, ते अजून टोचतं.

डॉक्टरांनी मला रक्तविकारांच्या मॅडमकडे पाठवलं. मॅडम म्हणाल्या, "जुन्या सीबीसी असतील तेवढ्या आणा." सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशी मोजण्याची साधी तपासणी. बाबा पोस्टातून निवृत्त झालेत. घरातला प्रत्येक कागद तारीखवार लावलेला असतो. १४ रिपोर्ट निघाले. मॅडमनी लाल पेन घेतलं आणि प्रत्येक कागदावरच्या एकाच ओळीला गोल केला. मोनोसाइट, पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, टक्क्यांत. शाळेतल्या वयात ५, ४. नंतर २. आणि गेली सात-आठ वर्षं १, ०, १, १, ०. शेजारीच छापलेलं होतं, २ ते १०. हिमोग्लोबिन बरं, प्लेटलेट बरे, म्हणून कागद मिटून ठेवले गेले होते. दोन-अडीचशे रुपयांच्या तपासणीत ते सगळं लिहिलेलं होतं. त्या दिवशी मी आणि बाबा रिक्षात एक शब्द बोललो नाही.

पुढची तपासणी लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींच्या उपप्रकारांची. त्यात नैसर्गिक मारक पेशी, म्हणजे एनके पेशी, मोजतात. रक्तातल्या लिम्फोसाइटपैकी साधारण ५ ते १५ टक्के या असतात. माझ्या निघाल्या ०.८.

या पेशी काय करतात ते मॅडमनी सांगितलं, मी वर्गाच्या भाषेत समजून घेतलं. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर 'मी इथलीच' असं सांगणारी खूण असते, तिला एचएलए म्हणतात. टी पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या दुसऱ्या लिम्फोसाइट, त्या खुणेवर मांडलेले विषाणूचे तुकडे ओळखतात. म्हणून नागिणीच्या जातीचे काही विषाणू पेशीत शिरले की ती खूणच पुसून टाकायला बघतात. टी पेशी फसतात. एनके पेशी नेमकी तीच गैरहजेरी टिपतात. हजेरी घेताना न आलेलं मूल कळतं, तसं. खूण दिसली नाही की त्या पेशीच्या भिंतीला पर्फोरिन नावाच्या प्रथिनाने भोक पाडतात आणि ग्रँझाइम ही मारक प्रथिनं आत सोडून तिला संपवतात. त्या विषाणूशी आधीची ओळख लागत नाही, म्हणून त्यांना 'नैसर्गिक' म्हटलं गेलं. १९७५च्या सुमारास त्या सापडल्या. ही गैरहजेरीची कल्पना स्टॉकहोमच्या क्लास कॅरे यांनी १९८०च्या दशकात मांडली.

त्या नसल्या तर काय होतं हे १९८९ साली एका १३ वर्षांच्या मुलीमुळे डॉक्टरांपुढे आलं. तिच्यात एनके पेशी नव्हत्याच, आणि कांजिण्यांपासून एकामागून एक हर्पिस कुळातल्या विषाणूंनी तिला गाठलं होतं. कांजिण्या, नागीण, ओठांवरची जर, सायटोमेगॅलो, एबस्टाइन-बार ही सगळी एकाच कुळातली. चामखिळीचा एचपीव्ही वेगळा, पण तोही या पेशींअभावी हटत नाही, आणि त्याचे काही प्रकार पुढे कर्करोगाकडे नेतात. माझी सगळी दुखणी एका माळेत आली. खरं सांगते, भीतीआधी मला हायसं वाटलं.

पण मॅडमनी लगेच निदान केलं नाही, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय. तेव्हा मला नागिणीसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. स्टिरॉइड, ताजा संसर्ग, मोठं आजारपण, कशानेही हा आकडा घसरतो आणि पुन्हा वर येतो. जन्मजात कमतरता फारच थोड्यांना असते. म्हणून बरं वाटत असताना, काही आठवड्यांच्या अंतराने, पुन्हा पुन्हा मोजायचं. एका रिपोर्टवर झोप उडवून घेऊ नका. दुसऱ्या खेपेला एका प्रयोगशाळेच्या मुलाने नळी बर्फात ठेवली. या तपासणीला रक्त नेहमीच्या तापमानातच लागतं, पेशी जिवंत असाव्या लागतात. आठवड्याने पुन्हा हात पुढे केला. तिन्ही वेळा आकडा १च्या आतच.

उरलेल्या पेशी काम करतात का, ते पाहणारी तपासणी मुंबईला, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या एनआयआयएच या रक्तविकारांच्या संस्थेत. ती परळच्या केईएमच्या आवारात आहे. पुणेकराला केईएम म्हटलं की रास्ता पेठ आठवते, आईने तिकडेच चौकशी केली होती. रक्त २४ तासांच्या आत पोचवायचं, आणि सोबत एका निरोगी माणसाचंही, तुलनेसाठी. तो माणूस रक्ताच्या नात्यातला नको. वहिनी म्हणाली, "मग मीच." पहाटे सहाला दोघींचं रक्त काढलं, दादाने दोन्ही नळ्या डब्याच्या पिशवीत कापसात गुंडाळल्या आणि सव्वासातची डेक्कन क्वीन धरली. दादरला उतरून फोन केला, "मांडीवरून खाली ठेवली नाही."

जनुक तपासणीला २२ हजार लागले. विमा कंपनीने रुग्णालयात दाखल नाही म्हणून नाकारले. सहा आठवड्यांनी नाव मिळालं, गाटा-२. हे जनुक हाडांच्या मज्जेतल्या, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींना सांभाळतं. त्याची एक प्रत बिघडली तरी मोनोसाइट, एनके आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी वर्षानुवर्षं हळूहळू ओसरतात, म्हणून लहानपणी मी धडधाकट होते. या आजाराचं मूळ गाटा-२मध्ये आहे हे २०११ साली कळलं. मी तेव्हा रुग्णालयात कांजिण्यांनी पडले होते.

आई त्या दिवसापासून गप्प झाली. तिला वाटलं तिच्याकडून आलं. आई-बाबांची तपासणी झाली, दोघांत नाही, माझ्यातच नव्याने झालेला बदल. मी रिपोर्ट तिला वाचून दाखवला, मग मराठीत सांगितला, मग पुन्हा वाचला. ती देवापाशी गेली नाही, स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला लागली.

या जनुकाची दुसरी बाजू अवघड आहे. मज्जेत बिघाड होऊन पुढे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून कमरेच्या हाडातून मज्जा काढून गुणसूत्रं पाहिली, विशेषतः सातवं आणि आठवं. दुखतं. भूल देतात तरी मज्जा ओढताना पायापर्यंत कळ जाते, ती दहा-पंधरा सेकंदांची. सध्या गुणसूत्रं ठीक आहेत. रोज दोनदा असायक्लोविर हे विषाणूंवरचं औषध घेते, आठवड्याला अझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, कारण क्षयाच्या नात्यातल्या जंतूंचाही धोका असतो. एचपीव्हीची लस घेतली, तीन डोस. ती जिवंत विषाणूची नाही म्हणून चालते. जिवंत लस मात्र मॅडमना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. शाळेत कुणाला कांजिण्या आल्या की मुख्याध्यापिका आधी मला फोन करतात. मैत्रिणींनी काढे आणले, प्रतिकारशक्तीच्या पुड्या आणल्या. प्रेमाने आणल्या हे कळतं, पण बिघडलेलं जनुक काढ्याने दुरुस्त होत नाही, आणि हे मी आता सरळ सांगते.

मुळातला इलाज एकच, मूळ पेशींचं प्रत्यारोपण. सख्ख्या भावाशी एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आई-बाबांचे रिपोर्ट स्वच्छ असले तरी दादाचं गाटा-२ तपासल्याशिवाय मॅडम पुढे जायला तयार नव्हत्या. दात्यातच तो दोष असला तर सगळं फुकट जातं. दादाच्या डोळ्यांत मी तोवर भीती पाहिली नव्हती. ते पाच आठवडे पाहिली. त्याला स्वतःची काळजी नव्हती, आपण उपयोगी पडणार नाही याची होती.

जनुक स्वच्छ निघालं. एचएलए जुळलं, दहाला दहा. दिवाळीनंतर तारीख ठरेल.

दादा दर रविवारी बुलेटवरून कात्रजच्या घाटात जायचा. रिपोर्ट आल्यापासून त्याची गाडी पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली आहे. त्याला कुणी सांगितलं नाही.