आधी अकूस्टिक, मग इलेक्ट्रिक? तुम्ही विचारलंत म्हणून

ऑफिसात, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही मी गिटार वाजवते हे कळलं की हा प्रश्न येतोच. "ताई, मलापण इलेक्ट्रिक शिकायचीय हो, पण आधी अकूस्टिकवर हात बसवायला लागतो ना?" विचारणारे बहुतेक चाळिशीच्या अलीकडचे-पलीकडचे, कॉलेजात राहून गेलेली हौस, आता मुलं जरा मोठी झालीत, घराचे हप्ते अंगवळणी पडलेत. आणि हे "आधी अकूस्टिक" कुणीतरी इतक्या ठामपणे सांगितलेलं असतं की विचारणारा खरं म्हणजे विचारत नसतो, माझ्याकडून फक्त शिक्का मारून घेत असतो.

तर शिक्का मिळणार नाही. ज्याला इलेक्ट्रिक वाजवायचीय त्याने पहिल्या दिवसापासून इलेक्ट्रिकच घ्यावी, आणि चाळिशीनंतर सुरू करणार असाल तर नक्कीच.

कारण सगळं तारांमध्ये आहे. स्टीलच्या तारांची साधी अकूस्टिक घेतली तर तिच्यावर बऱ्याचदा 12 चा सेट असतो, म्हणजे सगळ्यात बारीक तार 0.012 इंचाची, आणि सहाही तारा सुरात लावल्या की नेकवर, म्हणजे तारा जिथे दाबायच्या त्या लांब दांड्यावर, मिळून 70 किलोच्या वर ताण येतो. इलेक्ट्रिकवर 9 चा सेट लावा, तोच ताण 40 किलोच्या आसपास येतो. म्हणजे बोटांना जोर जवळपास निम्माच लागतो, त्यात नेक सडपातळ, बॉडी पातळ, खांदा वर उचलून वाजवायला लागत नाही. माझा हात लहान आहे, म्हणून हे मला जास्तच जाणवतं. ती एफची बार कॉर्ड, ज्यात पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या असतात आणि जिथे भल्याभल्यांनी गिटार माळ्यावर टाकलीय, ती सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि नेकचा वाक, नीट असलेल्या इलेक्ट्रिकवर बऱ्यापैकी माणसात येते.

"पण अकूस्टिकवर बोटं तयार होतात म्हणे." होतात ना. पंधरा वर्षांच्या पोराला सुट्टीत दिवसभर वेळ असतो, त्याची बोटं दुखली तरी संध्याकाळी तो परत घेऊन बसतो. आपल्याला रात्री ओटा आवरून झाल्यावर वीस मिनिटं मिळतात, त्यात पंधरा मिनिटं ओरबाडल्यासारखी बोटं दुखली तर दुसऱ्या दिवशी गिटारला हात लावायची इच्छा राहत नाही. घट्टे इलेक्ट्रिकवरही पडतात, काही आठवड्यांत पडतात, फक्त तोवर तुम्ही वाजवत राहण्याची शक्यता जास्त असते एवढंच. आणि कडक तारांवरच खरी तपश्चर्या होते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमी. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात 17 व्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मशीनमध्ये दोन बोटांची टोकं गेली. माणूस डावखुरा, त्यामुळे गेली ती नेमकी तारा दाबणाऱ्या हाताची. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं बनवली आणि बॅन्जोच्या हलक्या तारा गिटारवर चढवल्या, पुढे त्या सुरात उतरवून अजून सैल केल्या. हेवी मेटलचा तो सगळा जडशीळ आवाज सैल तारांवरचा आहे, तेव्हा हलक्या तारा लावल्याने कोणी कच्चा ठरत नाही.

दुसरं कारण फ्लॅटमधल्या लोकांना सांगायला नको. इलेक्ट्रिक वायर न जोडता वाजवली तर शेजारच्या खोलीत दहावीचा अभ्यास चालू असला तरी कुणाची तक्रार येत नाही. लोकांना वाटतं इलेक्ट्रिक म्हणजे कल्ला, पण सोसायटीत रात्री साडेदहाला वाजवायचं तर अकूस्टिकच जास्त कल्ला करते.

आता कोणती घ्यायची. यावर लोक महिनोन्महिने व्हिडिओ बघत बसतात. यामाहा पॅसिफिका, स्क्वायर, आयबानेझ जिओ, यातली साधारण 15 ते 25 हजारांतली कुठलीही चालेल, रंग आवडेल ती घ्या, हे मी गंभीरपणे सांगतेय कारण जी बघायला आवडते ती हातात घेतली जाते. एकच अट घालीन, ब्रिजजवळचा (बॉडीवर तारा जिथे अडकवतात तिथला) पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, हमबकर प्रकारचा असू दे. का ते पुढे सांगते. (जाता जाता, स्क्वायर, एपिफोनच्या बऱ्याच गिटारींच्या फिंगरबोर्डला, म्हणजे नेकवरच्या लाकडी पट्टीला, 'इंडियन लॉरेल' लिहिलेलं दिसेल, तो आपला सह्याद्रीतला ऐन. आधी सगळीकडे शिसवी असायचं, पण 2017 साली शिसवी जातीच्या लाकडावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, कंपन्यांनी दुसरी लाकडं शोधली, 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली तोवर ऐन बसला तो बसला.)

खरा खर्च करायचा तो सेटअपवर, आणि इथेच सगळे कंजुषी करतात. वीस हजारांची गिटार घेतील आणि हजार-दोन हजारांच्या सेटअपला "बघू नंतर" म्हणतील. खोक्यातून आलेली गिटार कारखान्यातून निघून बोटीतून, गोदामातून, आपल्या दमट हवेतून आलेली असते, नेक थोडा वाकलेला असतो, तारा उंच असतात. घरीच बघता येतं. जुनी एटीएम कार्डं दोन घ्या, उठावदार आकडे नसलेली, एकावर एक ठेवून बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची आडवी धातूची पट्टी) सगळ्यात बारीक तारेखाली सरकवा. दोन कार्डांची जाडी होते दीड मिलिमीटर. ती जेमतेम जात असतील तर छान, तिसरंही आरामात जात असेल तर तार उंच आहे आणि तुमची बोटं फुकट मार खातायत. मग तीच तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर बघा, तिथे केसाएवढी फट दिसायला हवी. जास्त दिसली तर नट, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्याच्या खाचांतून जातात तो तुकडा, उंच आहे, आणि तुम्हाला एफ न जमण्याचं कारण तुमचं वय नसून तो पांढरा प्लॅस्टिकचा तुकडा आहे. नट मात्र स्वतः घासू नका, कारागिराकडे न्या. नेकच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड, ती पाव फेरा फिरवली की वाक बदलतो, पावसाळ्यानंतर आणि परत थंडी पडल्यावर बघून घ्यायची. आणि जुलैत मुंबई-कोकणात तारा पंधरा दिवसांत खरखरीत होतात, वाजवून झालं की कोरड्या फडक्याने प्रत्येक तार पुसायची, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या.

अँपचं, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या डब्याचं, थोडक्यात. सुरुवातीला मोठा अँप नको. गिटारमध्येच खोचायचा हेडफोन अँप किंवा हेडफोनचं भोक असलेला छोटा मॉडेलिंग अँप (वेगवेगळ्या अँपचे आवाज काढणारा), बास. होम थिएटरला किंवा कराओकेच्या स्पीकरला जोडू नका, पिकअपला फार मोठ्या इम्पीडन्सचं, म्हणजे विजेला जास्त अडवणारं, इनपुट लागतं, ते नसलं की आवाज चादरीखालून आल्यासारखा येतो, आणि मग लोक गिटारला नावं ठेवतात.

आता ती गुणगुण. नवीन माणसाचा घाबरून फोन येतो तो हमखास यावरूनच, "ताई, पीस खराब निघाला, सारखं हूं हूं करतोय." पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, स्टीलची तार वर हलली की त्यात वीज तयार होते, फॅरडेने 1831 मध्ये दाखवलं तेच. पण ते वेटोळं तुमच्या तारेचं जसं ऐकतं तसं घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेचंही ऐकतं, ट्यूबलाइटचं, पंख्याच्या रेग्युलेटरचं, लॅपटॉपच्या चार्जरचं. 1955 मध्ये गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने दोन वेटोळी उलटसुलट जोडून ती गुणगुण एकमेकांत मारून टाकली, तोच हमबकर, म्हणून वरची अट. सिंगल कॉइलवर, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपवर, वाजवत असाल तर खुर्ची फिरवून बसून बघा, एका दिशेला गुणगुण बरीच खाली येते. तारांना हात लावला की कमी होते आणि काढला की वाढते, तर गिटारचं वायरिंग बरोबर आहे. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मात्र लगेच प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे काहीच जोडलेलं नसतं.

आणि वाजवायचं काय? इथे आपल्याकडच्या लोकांना एक फायदा आहे जो कोणी वापरत नाही. लहानपणी चार महिने का होईना पेटीच्या क्लासला गेलेला असाल तर सगळ्यात बारीक तार मोकळी छेडा, ती पांढरी तीन. तिला सा धरा. दुसऱ्या फ्रेटवर रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म, सातव्यावर प, नवव्यावर ध, अकराव्यावर नि, बाराव्यावर वरचा सा. आता नेकवरचे ठिपके बघा, तीन, पाच, सात, नऊ आणि बाराला दोन. म्हणजे म, प, ध आणि वरचा सा आयते ठिपक्यावर बसलेत. म आणि नि सोडून वाजवलंत की भूप झाला. पहिल्याच संध्याकाळी एका तारेवर, एका बोटाने. आणि मोकळी तार, तीन, पाच, सात, दहा असं वाजवलंत तर सा, कोमल ग, म, प, कोमल नि, धानीचे सूर, आणि जगभरचे रॉक-ब्लूजवाले ज्याला मायनर पेंटाटॉनिक म्हणतात तेही हेच पाच. त्यात कोमल ग वाजवताना तार बोटाने थोडी वर ढकला, सूर म कडे सरकतो, आणि गळ्यातली मींड ऐकत वाढलेल्या माणसाला ती किती ढकलायची ते कानाने कळतं. 12 च्या कडक तारेवर हे करून बघा म्हणजे मी इलेक्ट्रिक का म्हणतेय ते कळेल.

मग पॉवर कॉर्ड. जाड तार मोकळी, तिच्या शेजारच्या दोन्ही तारा दुसऱ्या फ्रेटवर, फक्त या तीन वाजवायच्या. सा, प, वरचा सा. तानपुऱ्यातलेच सूर. यात ग मुद्दाम नसतो, कारण गिटार पेटीसारखी बारा समान भागांत लावलेली, पेटीचा ग जरा चढा असतो हे गुरुजींनी सांगितलं असेल, साध्या आवाजात तो खपून जातो पण डिस्टॉर्शन, म्हणजे रॉकमधला तो फाटका आवाज, लावलं की त्याचं खडबडीतपण दहापट होऊन बाहेर येतं. प जवळपास शुद्ध असतो, त्यामुळे सा-प वर डिस्टॉर्शन लावलं तर उलट खालचा एक सा आपोआप ऐकू येतो आणि आवाज भरीव होतो. दोन बोटांत हे होतं म्हणून पहिल्या महिन्यात एखादं ओळखू येणारं गाणं नक्की बसतं.

एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे इलेक्ट्रिकवर अर्धं काम तारा वाजवण्याचं आणि अर्धं न वाजवण्याचं. डिस्टॉर्शन लावल्यावर ज्या तारेला तुम्ही हातही लावला नाही ती शेजारणीला साथ म्हणून गुणगुणायला लागते. उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ तारांवर अलगद टेकवून ठेवायची, डाव्या हाताचं पहिलं बोट थोडं सपाट ठेवून खालच्या तारांना शिवून ठेवायचं. अकूस्टिकवरून दोन वर्षांनी इकडे आलेल्यांना हे नव्याने शिकायला लागतं, त्यांचे हात सगळं मोकळं वाजू द्यायला सरावलेले असतात. म्हणजे "आधी अकूस्टिक"ने ती दोन वर्षं वाचत तर नाहीतच.

क्लास की यूट्यूब, दोन्ही. जस्टिन गिटार या वेबसाइटचे सुरुवातीचे धडे फुकट आहेत आणि क्रमवार आहेत, तेवढे पुरतात, पण मनगट चुकीचं वाकतंय हे व्हिडिओ तुम्हाला सांगत नाही, म्हणून महिन्यातून एक-दोनदा तरी माणसासमोर बसा. बॅचमध्ये दहा वर्षांची पोरं असतील, असू देत, ती तुमच्याकडे बघतही नाहीत. मेट्रोनोमचा कंटाळा येत असेल तर तबल्याच्या अ‍ॅपवर विलंबित केरवा लावा, ठेका कळतो आणि घरच्यांनाही बरं वाटतं. पेडल, म्हणजे आवाज बदलणारी पायाने दाबायची डबी, घेऊ का असं विचाराल तर पुढच्या वर्षी विचारा. आपल्या वयात वेळ नसतो आणि पैसे थोडे असतात, त्यामुळे वीस मिनिटं वाजवण्याऐवजी वीस मिनिटं ऑनलाइन पेडलं बघण्यात जातात.

आणि "घरात अकूस्टिक आधीच पडलीय, तिचं काय" हा पुढचा प्रश्न. स्टीलची असेल तर 12 चा सेट काढून 10 चा लावा, कारागिराकडून सॅडल (ब्रिजवरची तारा टेकायची पट्टी) थोडं उतरवून घ्या आणि तीही वाजवा, फक्त तिच्यासाठी इलेक्ट्रिक लांबवू नका. नायलॉनच्या तारांची असेल तर मात्र तिच्यावर स्टीलच्या तारा चढवू नका, ती त्या ताणाला बनवलेलीच नसते, ब्रिज उपटून हातात येतो.