आखाजीच्या दुपारी बोंबलणारं मशीन

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमचं दुकान दुपारपर्यंतच उघडं असतं. त्या दिवशी गर्दी असते ती माहेरी आलेल्या लेकींची. आईला सोबत घेऊन येतात, पोरांच्या मापाचे कपडे बघतात, एखादं पातेलं उचलून बुडाकडून ठोकून बघतात. दान आलेल्या भांड्यांवर देणाऱ्यांची नावं कोरलेली असतात. कुणाच्या लग्नातला आहेर, कुणाच्या वास्तुशांतीचा. गोधड्या शिवणाऱ्या बाया त्याच्याही आधी, सकाळीच येऊन जातात. त्यांना सुती साडीच लागते, नायलॉनला त्या हात लावत नाहीत. आणि जुनी सुती साडी आता देणाऱ्यांच्याच घरात सापडेनाशी झाली आहे.

जळगावच्या जुन्या भागातलं हे दुकान. लोकांनी दिलेले कपडे, भांडी, पुस्तकं, सायकली नीट करून आम्ही अगदी थोड्या पैशांत विकतो. फुकट वाटत नाही. 'माणुसकीची भिंत' महाराष्ट्रात कितीतरी गावांत उभी राहिली आणि तिनं अनेकांचं अंग झाकलं, हे मी मानते. पण पैसे मोजून घेणारी बाई "याचं बटण तुटलंय, दुसरा दाखवा" असं हक्कानं म्हणते. तिचं ते म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं. शिवाय या पैशांवरच आमची मागची खोली चालते.

मागच्या खोलीत रुग्णसाहित्य आहे. व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, फाउलर बेड, एअरबेड आणि ऑक्सिजनची मशीनं, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर. डॉक्टरांची चिठ्ठी, आधारची झेरॉक्स आणि अनामत रक्कम दिली की वस्तू घरी न्यायची. काम झालं की वस्तू परत, अनामतही परत. कॉन्सन्ट्रेटर बहुतेक २०२१च्या दुसऱ्या लाटेनंतर आमच्याकडे आले. लाट ओसरली आणि लोकांच्या माळ्यावर, संस्थांच्या गोदामात मशीनं पडून राहिली. पडून राहिलेलं मशीन खराब होतं. त्याच्या आत जिओलाइट नावाच्या सच्छिद्र दाण्यांचे दोन डबे असतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, दाबाखाली जिओलाइट तो धरून ठेवतं आणि नळीतून ९० ते ९५ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन बाहेर येतो. जिओलाइट ओल शोषतं आणि निकामी होत जातं, म्हणून मशीन अधूनमधून चालवून ठेवावं लागतं, फिल्टर धुवावे लागतात. हे सगळं आमचे काका बघतात. भुसावळला रेल्वेत त्यांनी आयुष्यभर विजेची कामं केली, आता निवृत्त आहेत. मशीन देणाऱ्याला त्यावर आपल्या नावाची पाटी हवी असते, आणि ते मी समजू शकते. पण जिओलाइट बदलायला पैसे द्यायला कुणी येत नाही. तो खर्च दुकान करतं.

एका आखाजीला साडेबाराच्या सुमाराला फोन आला. एरंडोलकडच्या एका खेड्यातून. "ताई, मशीन बोंबली ऱ्हायनं. बंदच होत नाही."

रजिस्टर उघडलं तर मशीन त्या गावाला दिलेलंच नव्हतं. होळीच्या आसपास ते जळगावातच एका ताईंच्या घरी गेलं होतं, त्यांच्या आईसाठी. आईचं वय सत्तरीच्या पुढं. विडी-तंबाखूला त्यांनी कधी हात लावला नाही, पण सारं आयुष्य चुलीपुढं गेलं. पऱ्हाट्या, तुराट्या, पावसाळ्यात ओल्या काट्या. धुरानं फुप्फुसं गेली. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आकसत जाणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, म्हटलं की लोक विडी ओढणारा माणूस डोळ्यांपुढं आणतात, आमच्या रजिस्टरमध्ये मात्र चुलीपुढच्या बायाही कमी नाहीत. डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहून दिलं होतं: ऑक्सिजन मिनिटाला २ लिटर, दिवसातून निदान १५ तास, बोटावरच्या मीटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ८८ ते ९२. काकांनी लेकीचं घर जाऊन पाहिलं होतं. स्लॅबचं घर, पूर्वेची खोली, अर्थिंग चांगलं.

पण आखाजी आली आणि म्हातारीनं धोशा लावला. "आखाजीले पोरी येतीन, मी आठे काय करू?" तिच्या इतर दोन लेकीही त्या दिवशी माहेरी यायच्या होत्या आणि माहेर म्हणजे खेड्यातलं घर. घागर भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचं, रस-पोळी करायची, निंबाला झोका बांधायचा. आईच घरात नसली तर लेकींनी यायचं कुठं? त्या हट्टाला कुणी नाव ठेवू नये. मुलानं गाडी केली, आईला नेलं आणि मशीनही सोबत नेलं.

खेड्यातलं घर पत्र्याचं होतं.

फोनवर मी विचारलं, "आकडा किती दाखवतोय?" ८१, मुलगा म्हणाला. "मग तुम्ही काय केलं?" "मशीन पाचवर कयं, ताई." मी फोन काकांकडे दिला. काकांनी पहिल्यांदा मशीन कुठं ठेवलंय ते विचारलं. ते कुलरच्या अगदी तोंडाशी ठेवलं होतं, गार राहावं म्हणून. म्हणजे जिओलाइटला जिचं वावडं तीच ओल मशीन आत ओढत होतं. आणि वर तापलेला पत्रा. या मशीनांच्या पुस्तिकेत बहुधा ४० अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं. ४० अंश म्हणजे आमच्याकडे वैशाखातली बरी दुपार. त्यापुढं डब्यांची नायट्रोजन धरायची ताकद घटते, शुद्धता उतरते आणि मशीन ओरडू लागतं. त्यात लिटर वाढवले की शुद्धता आणखी उतरते. घरच्यांना वाटतं आपण ऑक्सिजन जास्त देतोय.

"शेजारी कुणाचं धाब्याचं घर आहे का?" काकांनी विचारलं.

होतं. दोन घरं सोडून एका आजींचं, मातीच्या छपराचं. खाटेसकट म्हातारीला उचलून चार जणांनी तिकडं नेलं, मागून मशीन नेलं. वीसेक मिनिटांनी मुलाचा पुन्हा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. ओरडणं थांबलं, आकडा ९६!

९६ ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. चिठ्ठीत ८८ ते ९२ होतं. "मशीन कितीवर आहे आता?" "पाचवरच." "माय बोलतेय का?" "झोपेल शे, ताई. निवांत झोपनी."

सीओपीडीच्या काही रुग्णांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. माणूस गुंगतो. पाहणाऱ्याला ती शांत झोप वाटते. आमच्या डॉक्टरांनी हे आम्हाला प्रत्येक मशीन देताना घरच्यांना सांगायला लावलं आहे आणि लेकीला ते सांगितलंही होतं. पण मशीन आता लेकीच्या हाताखाली नव्हतं. पत्र्याखाली मशीन पाचवर असूनही पुरेसा ऑक्सिजन देत नव्हतं, धाब्याखाली तेच पाचवर पूर्ण ताकदीनं देऊ लागलं होतं.

एका फोनवर मुलगा, दुसऱ्यावर डॉक्टर. मधे मी, एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगणारी. डॉक्टर म्हणाले, आधी दोनवर आणा, बसतं करा, हाक मारून जागं करा आणि १०८ ला फोन लावा, घरी ठेवू नका. मुलानं हाका मारल्या त्या मला ऐकू येत होत्या. "माय! ओ माय!" बऱ्याच हाकांनंतर एक हुंकार आला, पण शब्द नाही. मागं कुणीतरी लेक रडत होती. रुग्णवाहिका येईपर्यंत मी फोन ठेवला नाही.

रुग्णालयात रक्ताची तपासणी झाली, कार्बन डायऑक्साइड वाढलेलाच निघाला. रात्रभर बायपॅपच्या, म्हणजे दाबानं श्वासाला मदत करणाऱ्या मशीनच्या, मास्कवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शुद्धीत होत्या आणि पहिला प्रश्न होता, पोरी जेवल्या का.

त्या दुपारी काका आणि मी खेड्यात गेलो, कारण काकांना मशीनची शंका फेडायची होती. ऑक्सिजनची शुद्धता मोजायचं लहान यंत्र त्यांच्या पिशवीत असतंच. धाब्याच्या घरात २ लिटरवर शुद्धता ९३ टक्के आली. मग तेच मशीन पत्र्याच्या खोलीत नेऊन अर्धा तास चालवलं. भिंतीजवळच्या तापमापकावर ४६. शुद्धता ७९ पर्यंत उतरली आणि मशीन पुन्हा बोंबलू लागलं. मशीन ठीक होतं, छप्पर वेगळं होतं. काकांनी दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि मुलाला बोलावून दाखवले. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला. आईला पक्कं घर द्यायचं म्हणून जुनं धाबं पाडून त्यानंच पत्रे टाकले होते.

ज्यांनी घर उघडलं त्या आजींनी आम्हाला पाणी दिलं. दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडी सरे, त्यावर काड्या आणि वर मातीचा थर. दरवर्षी पावसाळ्याआधी वर खारी माती टाकावी लागते, नाहीतर गळतं. ती टाकायला आता माणूस मिळत नाही, म्हणून त्यांचा मुलगाही पत्र्यांचंच बोलतो. मातीची घरं टिकवा असं शहरातून येऊन सांगणं सोपं आहे. मला त्या दिवशी एवढंच दिसलं की अख्ख्या गल्लीत आजारी माणसाला ठेवण्याजोगी गार जागा ती एकच होती.

आता गुढीपाडवा झाला की आम्ही ऑक्सिजन घेतलेल्या प्रत्येक घरी फोन करतो. रुग्ण सणाला कुठं जाणार, घराला छप्पर कसलं, लाइट किती वेळ जाते, मशीनच्या आकड्याकडे कोण बघणार. पत्र्याच्या घरी जाणार असतील तर मशीन इथंच ठेवून बी-टाइप सिलिंडर देतो. २ लिटरनं तो बारा तास पुरतो. सणाच्या दोन-तीन दिवसांचे सिलिंडर भरायचा खर्च काही घरांना झेपत नाही, तो आम्ही करतो. यंदा तीन देणगीदारांनी नवी मशीनं देऊ केली. मी त्यांना विनंती केली की मशीन नको, त्याऐवजी सिलिंडर आणि शुद्धता मोजायची आणखी दोन यंत्रं द्या. दोघांनी ऐकलं.

आणि काकांनी प्रत्येक मशीनवर, जिथं काचेच्या नळीत गोळी वर-खाली होते तिथं, डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याशी लाल पट्टी चिकटवायला सुरुवात केली आहे. शेजारी त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं असतं, 'गोळी आठेच ऱ्हाऊ द्या', म्हणजे इथंच राहू द्या. त्याखाली डॉक्टरांचा फोन नंबर.