कार्डाची मागची बाजू

"हे कार्ड इथे चालत नाही, आधी पैसे भरा," असे आज बार्सिलोनातल्या एका खासगी दवाखान्यात आम्हांला सांगितले गेले, तेव्हा मुलगी कान धरून रडत होती. हॉटेलवाल्यांनी आम्हांला तिथेच पाठवले होते.

सरकारी आरोग्य केंद्र जवळच होते. तिथल्या बाईंनी आमचे जर्मन विमाकार्ड उलटे केले, मागे छापलेल्या युरोपीय आरोग्य विमा कार्डावर बोट ठेवत एकेक आकडा टिपून घेतला आणि लगेच डॉक्टरांकडे पाठवले. तपासणीचा एक युरोही मागितला नाही.

हे कार्ड विनामूल्य असते आणि सरकारी व्यवस्थेत स्थानिकांच्याच अटींवर आवश्यक उपचार मिळवून देते. खासगी दवाखाने किंवा मायदेशी परत नेण्याचा खर्च त्यात येत नाही.

मला अधिक खटकते ते हे, की जर्मनीत नेमाने हप्ते भरूनही भारतीय पासपोर्ट असलेल्यांना ते डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइन आणि स्वित्झर्लंडमध्ये सहसा वापरता येत नाही. स्वित्झर्लंडला तर आपली कितीतरी कुटुंबे सुट्टीत मुलाबाळांसह जातात. निघण्यापूर्वी त्यांना हे कोणी सांगते का?